चतुर्थीला कोकणात घरी जाताना: दोन लहान मुले, भरलेले घर आणि काही प्रश्न

तिठा

यंदा गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे आणि आम्ही पुण्याहून कुडाळ तालुक्यातल्या घरी जाणार आहोत. आमचे घर एकत्र आहे. मुंबईचे दीर, जावा, त्यांची मुले, चुलत सासरे आणि त्यांचे कुटुंब असे सगळे चतुर्थीच्या निमित्ताने एका छपराखाली येतात आणि गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावरच पांगतात. मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि मुलगा तोपर्यंत दहा महिन्यांचा होईल. त्याची ही पहिली चतुर्थी असल्याने सासूबाईंचा उत्साह मोठा आहे, आणि मलाही मनापासून जायचे आहे. म्हणूनच या धाग्यावर तुम्हा सर्वांना काही गोष्टी वेळेत विचारून घ्याव्यात असे वाटले.

प्रवास रेल्वेने करावा की गाडीने, हा पहिला प्रश्न. दुसरा झोपेचा आहे: वाडीतले भजन घरोघर फिरत आमच्याकडे येते तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात, आणि बाळाची झोप अगदी सावध आहे. तिसरा खाण्याचा: नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही आणि पहिल्या दिवशी नैवेद्याला दोन वाजतात. शिवाय पंचामृताचे बोट बाळाच्या जिभेवर टेकवायचे, ही घरची जुनी रीत आहे.

मुलीचा प्रश्न वेगळा आहे. ती ओळखीच्या माणसांत भरपूर बोलते, पण घरात पाऊल टाकताच दहा जण गालाला हात लावतात, ‘गाणे म्हणून दाखव’ असा आग्रह धरतात, आणि ती माझ्या पदराआड जाते. मग ‘शहरातली मुले माणसांत मिसळत नाहीत’ असे बोलले जाते. हे सगळे घरच्या मोठ्या माणसांशी कसे बोलावे, की त्यांना सून शिकवायला आली असे वाटू नये, हा माझा खरा आणि सर्वांत अवघड प्रश्न आहे.

खिडकीजवळची_जागा

रेल्वेने जाणार असाल तर आधी तारखा बघा. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणजे ११ सप्टेंबरच्या गाडीचे आरक्षण १३ जुलैला सुरू होईल. गणपतीच्या दिवसांतली तिकिटे खिडकी उघडताच संपतात. तेव्हा नाही मिळाले, तर नंतर जाहीर होणाऱ्या गणपती विशेष गाड्यांवर लक्ष ठेवावे लागते.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला स्वतंत्र बर्थही मिळत नाही. तो हवा असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. तुमच्या मुलीसाठी ते भरावे असे मी आग्रहाने सांगेन. मांडीवर बाळ आणि त्याच बर्थवर कुशीत साडेचार वर्षांचे मूल, अशा स्थितीत आईची रात्र बसून जाते आणि घरी पोचल्यावर तिला विश्रांती मिळण्याची शक्यता फार कमी असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्या कमी वेगाने धावतात आणि उशीरही होतो. म्हणून बाळाचे खाणे आणि लंगोट लागतील त्याहून जास्तच बरोबर ठेवावेत. पनवेलहून दिवसाची गाडी मिळाली तर मुलांना चिपळूणपासून पुढचे बोगदे, पूल आणि भाताची खाचरे पाहायला मिळतात, आणि त्यात त्यांचा वेळ चांगला जातो.

आंबोलीमार्गे

पुण्याहून कुडाळला जाणाऱ्यांनी गाडीचा विचार अवश्य करावा, कारण पनवेलपर्यंत उलटे जाऊन रेल्वे पकडण्यात अर्धा दिवस मोडतो. कोल्हापूरपर्यंतचा महामार्ग, तिथून राधानगरी, दाजीपूर करत फोंडाघाट किंवा आजऱ्यावरून आंबोली, असे दोन मार्ग आहेत. दरडीमुळे घाट अचानक बंद होतात, म्हणून कोल्हापुरात पोचल्यावर कुडाळच्या एखाद्या माणसाला फोन करून मगच घाट निवडावा.

आम्ही घाट लागण्याआधी मुलांना पोटभर कधीच खाऊ घालत नाही. भाताचे दोन घास, थोडे पाणी, आणि घाटात मोबाइल अजिबात नाही, कारण मान खाली घालून पडद्याकडे बघत राहिले की वळणांवर हमखास ओकारी होते. उलटीचे औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच द्यावे, विशेषतः दोन वर्षांखालच्या मुलाला.

बाळाला पुढच्या आसनावर मांडीत घेऊन बसू नये, हे मी हात जोडून सांगतो. बाळाची खुर्ची मागच्या आसनावर, पाठ पुढच्या दिशेला करून बांधावी. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा खुर्चीत सुरक्षित न बसवल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. दंडाची गोष्ट सोडा. अचानक ब्रेक लागला तर बाळ आईच्या हातात राहू शकत नाही.

ओली_हळद

मी अनेक वर्षे लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करते आहे आणि माझे माहेर वेंगुर्ल्याजवळ आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

पंचामृतापासून सुरुवात करते. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध द्यायचा नाही. थेंबभरही नाही, बोटावरचाही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते वाढत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यांत मात्र वाढून विष तयार करतात आणि त्यामुळे बाळाचे स्नायू लुळे पडतात. मध शुद्ध आहे, घरच्या पोळ्यातला आहे, या गोष्टींनी काही फरक पडत नाही. उपाय सोपा आहे: मध घालण्यापूर्वी वाटीभर दूध-दही-तूप बाजूला काढून देवापुढे ठेवावे आणि बाळाला त्यातले बोट द्यावे. आमच्या घरी भटजींनीच तसे करायला सांगितले, आणि कोणाचे मन दुखावले नाही. बाळगुटी आणि डोळ्यांत काजळ यांनाही असाच नकार द्यावा.

यापेक्षा जास्त भीती मला प्रसादाची वाटते. शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे, खडीसाखर हे सारे हातोहात वाटले जाते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हाती कोण काय देईल याचा नेम नसतो. श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेली मुले मी पाहिली आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नये, आणि चालता-चालता, हसता-रडताना तर काहीच भरवू नये. म्हणजे तुमच्या मुलीलाही हे लागू आहे. उकडीचा मोदक मऊ असतो, पण चिकट. तो बाळाला कुस्करून, अगदी थोडा द्यावा.

आता माटवी. गणपतीवर टांगलेल्या त्या चौकटीत काय काय असते ते आठवून बघा: नारळ, सुपारीचे घोस, काकडी, आंब्याचे टाळ, तेरडा, आणि त्याबरोबर लालभडक कवंडळे आणि कळलावीची फुले. ही शेवटची दोन्ही विषारी आहेत. कळलावीचा कंद तर प्राणघातक ठरू शकतो. माटवी उंच असते हे खरे, पण ती बांधताना सगळा रानमेवा पडवीत पसरलेला असतो आणि नंतर खाली गळलेली फळे बाळाच्या हाती लागतात. बांधणाऱ्यांना तेवढे सांगून ठेवावे आणि रोज सकाळी खालची जमीन कोणीतरी झाडून घ्यावी. समई आणि निरांजन रांगणाऱ्या बाळाच्या हाताच्या उंचीवर असतात, हेही लक्षात असू द्या.

पाणी उकळून गार केलेलेच द्यावे. क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे बरोबर ठेवावीत, आणि किती पाण्यात एक पाकीट घालायचे ते पाकिटावर वाचून तेवढ्याच पाण्यात घालावे. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवणे धोक्याचे आहे. तापाच्या औषधाची मात्रा सध्याच्या वजनानुसार डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणावी.

जुना_वाडा

वरचे सगळे वाचून थोडे वाईट वाटले. आमच्या वेळी पडवीत घोंगडीवर चार-चार मुले भजनाच्या आवाजातच झोपत. पखवाज वाजत असे, झांजा वाजत असत आणि त्या नादानेच डोळा लागे. देवाच्या घरी मुलाला घेऊन यायचे आणि आल्यापासून त्याला सगळ्यांपासून दूर खोलीत ठेवायचे, तर मग यायचे तरी कशाला? मुलाला सवय होऊ दिली तर ते आपोआप रुळते, असा माझा अनुभव आहे.

ओली_हळद

काका, आवाजाबद्दल तुमचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. दुपारी नीट झोपलेले मूल रात्री भजनातही झोपते. चिडचिड होते ती दुपारची झोप मोडल्याने, म्हणून राखायची ती दुपार. फटाक्यांचे मात्र तसे नाही. ते बाळाच्या जवळ नकोतच. आणि मधाच्या बाबतीत सवय ही गोष्टच नसते. रुळू द्यायच्या गोष्टी आणि अजिबात न करायच्या गोष्टी वेगळ्या काढल्या, की घरात बोलणेही सोपे जाते.

माजघर

मी आजी आहे. मालवणजवळ राहते. एक मुलगा ठाण्याला, एक बंगळूरला, आणि चतुर्थीला दोघेही मुलाबाळांसह येतात. तिठाताई, घरच्या मोठ्या माणसांशी कसे बोलावे हा तुमचा प्रश्न सासूच्या बाजूने कसा दिसतो ते मी सांगते.

आम्ही वर्षभर या दिवसांची वाट पाहतो. श्रावणात घर सारवून, रंगवून, अंथरुणे उन्हात घालून ठेवतो, कोणाला काय आवडते ते आठवून हळदीची पाने आणि तांदळाचे पीठ यांची तजवीज करतो. अशा वेळी पडवीत सगळ्या नातेवाइकांसमोर, बोट पुढे केलेले असताना ‘आई, बाळाला मध देऊ नका’ असे ऐकले की मनाला लागते. मध न देण्याचे दुःख नसते. चारचौघांत हात मागे घ्यावा लागला, याचे असते. तीच गोष्ट श्रावणातल्या एखाद्या संध्याकाळी फोनवर सांगितली तर मला विचार करायला वेळ मिळतो. आणि ती मुलाने सांगावी, सुनेने नाही. माझ्या धाकट्याने मला सगळे कारण समजावून सांगितले, आणि मग चतुर्थीच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना मीच सांगत होते की आमच्या घरी वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. घरची रीत घरच्या मोठ्या माणसाच्या तोंडून बदलली तर ती टिकते.

नैवेद्याचे म्हणाल तर लहान मुले, गरोदर बायका आणि आजारी माणसे यांना आधी जेवू घालण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. माझ्या सासूबाई सोवळ्याच्या बाबतीत फार कडक होत्या, पण त्याही म्हणत, ‘पोराक आधी पेज घाल, आरती मगे.’ आम्ही सकाळीच गॅसवर उकड्या तांदळाची मऊ पेज वेगळ्या टोपात करून ठेवतो. नैवेद्याच्या चुलीशी तिचा संबंध नाही, त्यामुळे कोणाची अडचण होत नाही. तूप-मीठ घातलेली पेज दहा महिन्यांच्या बाळाला पोटभर होते, फक्त मीठ नावाला घाला. मोठी मुले तीच पेज घावन्याबरोबर खातात.

आता तुमच्या लेकीविषयी, कारण माझी थोरली नात तिच्यासारखीच होती. अशा मुलाला बोलायला लावू नये, काम द्यावे. पहिल्या दिवशी ती आईला सोडेना, तेव्हा मी तिला काही विचारले नाही. दूर्वांची परडी पुढ्यात ठेवली आणि तीन पानांच्या दूर्वा वेगळ्या कशा काढायच्या ते एकदा दाखवले. ती मुकाट्याने निवडत बसली. एकवीसची एक जुडी झाली की मला आणून द्यायची आणि पुन्हा जाऊन बसायची. दुसऱ्या दिवशी पातोळ्यांसाठी हळदीची पाने पुसून एकावर एक रचण्याचे काम तिचे झाले, आणि संध्याकाळी तिने स्वतःहून चुलत भावाला सांगितले की तो चुकीच्या बाजूने पुसतो आहे. त्यानंतर घरात तिचा आवाज थांबला नाही. आरतीत झांज वाजवायला देणे, फुले वेचून आणणे, पानांवर मीठ वाढणे, आलेल्यांना पाणी देणे, अशी कितीतरी कामे घरात असतात. गाणे म्हणायला लावले की मुलाकडे सगळे बघतात. काम दिले की ते सगळ्यांत बसते, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. हा फरक फार मोठा आहे.

आणखी एक सांगते: शक्य असेल तर चतुर्थीच्या दोन दिवस आधी या. घर भरण्याआधी मुलांना घर ओळखीचे होऊ द्या. न्हाणीघर कुठे, रात्री दिवा कुठला लावायचा, गोठ्यात कोण आहे, आजीचा हात कसा लागतो, हे सगळे निवांतपणी कळले की मग गर्दीचे भय राहत नाही. सोमवारी चतुर्थी आहे, तर शनिवारी सकाळी पोचा. झोपण्यासाठी देवाच्या खोलीपासून लांबची खोली मागून घ्या. आम्हाला त्यात काही वाटत नाही.

पखवाज

माजघर आजींचे लिहिणे आमच्या घरातल्या सर्व पुरुषांना वाचून दाखवले. त्यात एका बापाच्या बाजूने भर घालतो.

चतुर्थीच्या दिवसांत घरातल्या बायका पहाटेपासून स्वयंपाकात असतात, आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत भजनात. मुले या दोन्हींच्या मध्ये आईच्याच गळ्यात पडतात. ती दिवसा एका हाताने मोदक वळते आणि रात्री बाळाबरोबर जागते. मी भजनात पखवाज वाजवतो, त्यामुळे हा विषय काढणे मला सोपे नव्हते, पण आम्ही भावांनी आपसांत पाळ्या ठरवल्या. भजन रोज असते, पण प्रत्येक रात्री आमच्यापैकी एक जण भजनाला न जाता मुलांच्या खोलीत झोपतो. सकाळी बायकांचा स्वयंपाक चालू असताना घरातली सगळी मुले पुरुषांच्या ताब्यात असतात: आंघोळ, न्याहारी, कपडे, सगळे. पूजेच्या वेळी प्रत्येक आईचे दोन्ही हात मोकळे असले पाहिजेत, असे आमच्याकडे आता ठरून गेले आहे. सुरुवातीला काकांनी नाराजी दाखवली. नंतर तेच अंगणात नातवंडांना काकडीच्या होड्या करून देताना दिसले.

तिठाताई, तुमच्या यजमानांनी आईला फोन करायचा तो करावाच. त्याबरोबर भावांनाही करावा.

तिठा

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांनी हा धागा वाचला आहे. आईंशी आणि दोन्ही भावांशी तेच बोलणार आहेत, आणि आम्ही शनिवारी सकाळी पोचायचे नक्की केले आहे. गाडीनेच जाऊ असे दिसते.

दोन गोष्टी राहिल्या. घराभोवती विहीर, गोठा आणि लगेच भाताची शेती आहे. मुलीला बाहेर किती मोकळे सोडावे? आणि विसर्जनाच्या वेळी ती फार रडते. मागच्या वेळी ‘बाप्पाला पाण्यात का सोडले’ म्हणून रात्रभर झोपली नाही. तिला यंदा घरीच ठेवावे का?

जांभा

विहिरीचे उत्तर आधी देतो. कठडा कमरेपेक्षा कमी असेल तर जाण्यापूर्वीच त्यावर लोखंडी जाळी किंवा बांबूचा ताटवा बसवून घ्या. त्यात वाटाघाट नको. बाळासाठी न्हाणीघरातली भरलेली बादलीही तितकीच धोक्याची आहे. वापर झाला की पालथी घालून ठेवावी. पाणी तापवायचा बंब पेटता असेल तेव्हा न्हाणीघराचे दार बंद असावे. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर या दिवसांत शेवाळ असते, म्हणून मुलीला रबरी तळाची चप्पल द्या.

शेतात जाऊ द्यावे, पण दिवसा, मोठ्या माणसाबरोबर आणि पायात बूट घालून. पायाला जखम असेल तर चिखलात अजिबात नाही, कारण उंदरांच्या मुतामुळे पसरणाऱ्या लेप्टो या तापाचा धोका याच काळात असतो. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत, आणि फुरसे इतके लहान असते की पाचोळ्यात दिसत नाही. लाकडांच्या आणि नारळांच्या ढिगाजवळ मुलांना खेळू देऊ नये, अंधार पडल्यावर विजेरीशिवाय अंगणातही उतरू नये, आणि झोपताना मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. मण्यार रात्री अंथरुणात येते, त्यामुळे जमिनीवर झोपणाऱ्यांना तर मच्छरदाणी हवीच. दंश झालाच तर आवळून बांधू नये, चिरू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो भाग हलू न देता थेट सरकारी रुग्णालयात न्यावे आणि १०८ ला फोन करावा. घरापासून सर्वांत जवळ सर्पदंशाची लस कुठे मिळते ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. विंचवालाही हेच लागू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे लाल विंचवाच्या दंशावर गोळीचा उपचार आहे, पण मूल वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचले तरच त्याचा उपयोग.

माजघर

लेकीला घरी ठेवू नका. बाकीची मुले गेली आणि आपण राहिलो, याचे तिला जास्त वाईट वाटेल. नदीवर किंवा व्हाळावर (ओढ्यावर) नेण्यापूर्वी, सकाळीच तिला सगळा क्रम सांगा: आधी आरती, मग गाऱ्हाणे म्हणजे देवाला घालायचे साकडे, मग मूर्ती डोक्यावर घेऊन कोण निघणार, पाण्यात कोण उतरणार, आणि परत येताना काय आणायचे. मूर्ती मातीची आहे, ती नदीच्या मातीत मिसळते आणि पुढच्या वर्षी मातीचीच मूर्ती घरी येते, एवढे साडेचार वर्षांच्या मुलाला नीट समजते. तुमच्या चित्रशाळेत मूर्ती करायचे काम चालू असेल तर पुढच्या खेपेला तिला ते दाखवायला न्या.

मूर्ती विसर्जित झाल्यावर तिथली थोडी वाळू पाटावर घेऊन घरी आणायची आणि मखरात पाट ठेवून पुन्हा आरती करायची, अशी आपल्याकडची रीत आहे. ती वाळू ओंजळीने पाटावर घालण्याचे काम तिला द्या, आणि पाट आणणाऱ्याचे बोट धरून तिला घरापर्यंत चालत येऊ द्या. रडली तर रडू द्यावे; त्या वेळी घरातल्या पुष्कळ मोठ्या माणसांचे डोळे भरलेले असतात.

बाळाला मात्र व्हाळावर नेऊ नका. संध्याकाळी तिथे निसरडे असते, गर्दी असते आणि डासही फार असतात. त्याच्याजवळ कोणी थांबायचे ते आदल्या दिवशीच ठरवा, आणि ती व्यक्ती दरवेळी बाळाची आईच असू नये. परतीचा प्रवास विसर्जनाच्या दुसऱ्याच सकाळी ठेवू नका. मध्ये एक दिवस सोडलात तर मुले झोपून उठतात, सामान आवरून होते, आणि सासूबाईंनाही नातवंडे गर्दीशिवाय दिवसभर मिळतात.